अभिलेखागाराच्या शेजारी शुश्रूषागृह

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात फर्गस आणि एलोरा या गावांदरम्यान १८७७ सालची एक दगडी वास्तू आहे. निराधारांना आणि वृद्धांना आश्रय देणारे, धडधाकटांकडून त्या बदल्यात काम करून घेणारे ते दीनगृह होते. पुढे तेथे वृद्धाश्रम चालला आणि १९७०च्या दशकात वेलिंग्टन काउंटीचे वस्तुसंग्रहालय व अभिलेखागार आले. दीनगृहाच्या नोंदवह्याही तेथे जतन केलेल्या आहेत. शेजारीच काउंटीने 'वेलिंग्टन टेरेस' हे दीर्घकालीन शुश्रूषागृह नव्याने बांधले.

असा शेजार दोघांच्याही हिताचा ठरू शकतो. जुनी छायाचित्रे अभिलेखागारात असतात, तर त्यांतील माणसे आणि घरे ओळखणारे डोळे शुश्रूषागृहात. चाकांच्या खुर्चीतून जाता येईल एवढेच अंतर असले, तर अपुरी नोंद पूर्ण होते आणि परावलंबी झालेल्या वृद्धाला जाणकाराचा मान मिळतो.

गोव्यासाठी हा विचार निकडीचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ज्येष्ठांचे प्रमाण ११.२ टक्के, म्हणजे केरळखालोखाल सर्वाधिक होते. १५९५ पासूनची परंपरा असलेल्या राज्य पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदपत्रे विपुल आहेत. मात्र मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेली पिढी आता ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. शुश्रूषागृहासाठी जागा निवडताना रुग्णालय किती दूर आहे हे पाहिले जाते, तसेच अभिलेखागाराचे अंतरही पाहावे. वाळवीपासून कागद वाचवता येतो. तो वाचणाऱ्याचे वय थांबवता येत नाही.