अडखळत्या वाणीचा ताळेबंद

तोतरेपणा थोड्या दिवसांत कायमचा घालविण्याची हमी देणाऱ्या एका जाहिरातीचे कात्रण पाठवून एका मातेने विचारले आहे की, आपल्या चार वर्षांच्या मुलाची वाणी उपचाराने मोकळी झालीच, तर ती तशीच राहील याची खातरजमा कोणी आणि किती मुदतीनंतर करावयाची. प्रश्नाचा उत्तरार्ध मला फार मोलाचा वाटतो. कारण या व्याधीवरील उपचारांचा इतिहास बहुतांशी घाईने दिलेल्या दाखल्यांचा आहे.

१८४१ साली बर्लिनचे विख्यात शल्यविशारद योहान डीफेनबाख यांनी जिभेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन तेथील मांसाचा पाचरीसारखा तुकडा काढण्यास आरंभ केला. भूल देण्याची विद्या अद्याप अवतरावयाची होती, तरी रुग्ण पुढे आले, यावरून त्यांच्या यातनांची कल्पना यावी. वाणी सुधारल्याचे जाहीर झाले, युरोपात अनुकरणही झाले. पण लाभ टिकेना, तेव्हा ती प्रथा लवकरच मावळली. तो क्षणिक लाभ बहुधा नवेपणाचा असावा; कारण बोलण्याची कोणतीही अपरिचित रीत, मग ती लयीत असो, संथ असो वा इतरांच्या सुरात सूर मिसळून असो, अडखळणे काही काळ कमी करते, ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून दाखल्याऐवजी मोजणी हवी. अडखळण्याचे आजचे प्रचलित माप म्हणजे शंभर अक्षरांमागे अडखळलेली अक्षरे. ध्वनिमुद्रण ऐकताना तज्ज्ञ दोन कळांच्या गणकावर बोट ठेवून बसतो. 'पा-पा-पाणी दे' यात अक्षरे तीनच धरावयाची, पुनरावृत्ती सोडून द्यावयाची आणि अडखळ एक मांडावयाची. सिडनीत मार्क ऑन्स्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'लिडकोम' पद्धतीत या मोजणीच्या जोडीला आईवडील मुलाच्या बोलण्याला रोज गुण देतात. या पद्धतीची न्यूझीलंडमध्ये ५४ बालकांवर झालेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली: नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्यांचे प्रमाण १.५ टक्के, तर इतरांचे ३.९ टक्के भरले. मात्र या इतरांची वाणीही आरंभापेक्षा सुधारलीच होती. कारण लहानपणी अडखळणाऱ्या चार मुलांपैकी सुमारे तिघे पुढे आपोआप सावरतात. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर निसर्गाचे हे श्रेयही उपचाराच्या खात्यावर जमा झाले असते.

त्याहून मोठे काम या संशोधकांनी पुढे केले. सरासरी पाच वर्षांनी त्यांनी आपल्याच यशाची फेरतपासणी केली आणि उपचार यशस्वीपणे पूर्ण केलेल्या १९ मुलांपैकी तिघांचे अडखळणे, दोन वा अधिक वर्षे एक टक्क्याखाली राहूनही, परतल्याचे जगापुढे मांडले. जाहिरातदाराला विचारावयाचा प्रश्न हाच: शेवटच्या दिवशी नव्हे, पाच वर्षांनी काय आढळले? आणि मुलाचे बोलणे दवाखान्यात ऐकलेत, की घरी, शाळेत, भांडणात?

प्रौढांच्या बाबतीत मात्र ही टक्केवारीच फसवी ठरते. तिकीट खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला 'पनवेल' उच्चारण्याची धास्ती वाटली आणि त्याने पुढल्या स्थानकाचे तिकीट मागितले, तर मोजणीत शून्य अडखळ पडते आणि तो बरा झाल्याचा निकाल लागतो. स्वतः अडखळत बोलणारे मिशिगनचे चार्ल्स व्हॅन रायपर रुग्णांना शब्द न टाळता सहजपणे अडखळावयास शिकवीत. त्यांच्या या दृष्टीला मोजमापाच्या चर्चेत मिळावयास हवे तेवढे स्थान मिळत नाही, असे मला वाटते. यारस व क्वेसल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली, टेलिफोनवर बोलणे किती जड जाते, उपाहारगृहात हवे ते मागविणे किती कठीण वाटते, हे रुग्णालाच विचारते. अडखळत का होईना, पण पनवेलचेच तिकीट मागणाऱ्याची प्रगती तेथे नोंदली जाते.