वैद्यकीय प्रवेश आणि पूर्वतयारी

आपल्या नाशकांत यंदाहि कांहीं घरीं वैद्यकीय प्रवेशाच्या यादीवर पेढे वांटले गेले असतील. अशा घरांनीं आनंदीबाई जोशी यांच्या १८८३ सालच्या प्रवेशाची हकीकत अवश्य ध्यानीं घ्यावी.

त्यांचें वय तेव्हां अवघें १८. प्रवेशाच्या साऱ्या अटी कदाचित् आपण पुऱ्या करूं शकणार नाहीं, हें त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास अर्जांतच मोकळेपणानें कळविलें. मात्र पुरुष वैद्याच्या उपचारापेक्षां मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठीं हें शिक्षण हवें, असें कारण दिलें. अधिष्ठात्री रेचल बॉडले यांनीं प्रवेश दिला. तीन वर्षांसाठीं ६०० डॉलरची शिष्यवृत्तीहि मिळाली. आजची ७२० गुणांची परीक्षा ‘कशासाठीं?’ असें विचारीत नाहीं. तें घरींच विचारलें पाहिजे. आणि उत्तर मुलानें द्यावें, बापानें नव्हे!

अमेरिकेंत आनंदीबाई प्रथम रोझेल येथें कार्पेंटरबाईंच्या घरीं मुलीप्रमाणें राहिल्या. पुढें फिलाडेल्फियांतील थंडी आणि आहाराची अडचण यांनीं प्रकृति ढांसळली. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें त्या निवर्तल्या. वयाचीं २२ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

आज साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यावर एक वर्षाची आंतरवासिता आहे. पहिल्याच वर्षीं शवविच्छेदनाच्या मेजापाशीं बराच वेळ उभें राहावें लागतें. जाडजूड ग्रंथ वर्ग सुरू झाल्यावर घेतां येतात. वसतिगृहाची खोली मात्र पालकांनीं आधींच पाहावी, आणि तेथील खानावळींत एक वेळ स्वतः जेवून यावें.