गुडघेदुखी आणि घरांतील माणसें

घरांतील वडील माणसानें 'गुडघे दुखूं लागले' असें म्हटलें, कीं सारें कुटुंब त्याच्या सेवेस लागतें. सुना पाण्याचें भांडें हातांत आणून देतात, नातवंडें पूजेचें साहित्य मांडून ठेवतात, आणि 'आतां तुम्हीं स्वस्थ बसावें' असा प्रेमाचा हुकूम सुटतो. नागपूरच्या दक्षिण भागांत, वर्धा मार्गाजवळ वसलेल्या मनीषनगरांतील बहुमजली घरांतून तर वरखालीं जाण्यास लिफ्टहि असते. त्यामुळें हें स्वस्थ बसणें अधिकच सुलभ होतें. या सेवेमागील भाव निर्मळ आहे यांत शंका नाहीं. परंतु गुडघ्याच्या दृष्टीनें ती बहुधा अपकारकच ठरते.

मांडीचें हाड, नडगीचें हाड व पुढील वाटी यांच्या संयोगानें गुडघा बनतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. या कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांतून होतें. पाऊल टाकतांना ती दाबली जाते, पाऊल उचलतांच फुगते, आणि स्पंजाप्रमाणें तो द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हाच कूर्चेचा आहार होय. शिवाय गुडघ्यास सांवरून धरणारा मांडीच्या पुढील बाजूचा स्नायु न वापरल्यास थोड्याच आठवड्यांत रोडावतो. मग पावलाचा हिसका सांध्यास अधिक जाणवतो, दुखणें वाढतें, आणि दुखतें म्हणून माणूस आणखीच बसतो.

वयपरत्वें कूर्चा झिजते हें खरें. स्थूल शरीरांत, व स्त्रियांच्या बाबतींत पाळी गेल्यानंतर, हा विकार अधिक आढळतो. तथापि क्ष-किरणांच्या चित्रांत दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणें यांचा मेळ नेहमींच बसत नाहीं. चित्र पाहून धीर सोडण्याचें कारण नाहीं.

उपचारांत अग्रस्थान व्यायामास आहे. खुर्चींत ताठ बसून एक पाय गुडघ्यांत सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरावा व सावकाश खालीं घ्यावा. प्रत्येक पायानें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ. पुढें खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठण्याबसण्याचा सराव करावा. आरंभीं थोडें दुखतें. परंतु दुखणें दुसऱ्या दिवशींहि वाढलेलेंच राहिलें, तर व्यायाम निम्मा करावा, सोडूं नये. नागपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां त्या दिवसांत फिरणें सूर्योदयापूर्वींच उरकावें. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. स्थूल माणसाचें वजन एक किलोनें उतरलें, तर चालतांना प्रत्येक पावलीं गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो.

दुखणें जोरांत असतां उकिडवें बसणें व पाटावर मांडी घालून बसणें टाळावें. देव उंच चौरंगावर मांडून खुर्चीवरून पूजा केल्यानें भक्तींत उणें येत नाहीं.

वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानें दीर्घकाळ घेऊं नयेत. त्यांपैकीं अनेक जठर, मूत्रपिंडें व रक्तदाब यांस बाधक होतात. डायक्लोफेनॅकचें मलम त्या मानानें निर्धोक. तेलाच्या मर्दनानें व शेकानें आराम पडतो, पण झिजलेली कूर्चा पुन्हां वाढत नाहीं. मात्र गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर भार देववेना, किंवा सांधा मध्येंच अडकून बसला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांस गांठावें. नागपुरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, तसेंच मिहानमधील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत अस्थिरोग विभाग आहे.

हे सर्व उपाय थकल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा; तिचें भय बाळगूं नये. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असतांनाच ऑक्टोबर २००० मध्यें त्यांचा डावा व जून २००१ मध्यें उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत बदलण्यांत आला, आणि पुढें २००४ पर्यंत त्यांनीं राज्यकारभार पाहिला. खर्चाची धास्तीहि कांहीं अंशीं कमी झाली. कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम सांध्याची सरासरी किंमत दीड लाख रुपयांहून अधिक होती. केंद्र सरकारनें ऑगस्ट २०१७ मध्यें ती, कर सोडून, ५४,७२० रुपयांपर्यंत मर्यादित केली. परंतु नव्या गुडघ्यालाहि जुनाच स्नायु चालवितो. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर व्यायाम न केल्यास तिचें पुरतें फळ पदरीं पडत नाहीं.

एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य येथेंच कामीं येतें. एकट्या माणसाचा व्यायाम चार दिवसांत सुटतो. परंतु मुलानें पहाटे वडिलांबरोबर फिरावयास निघावें, सुनेनें जेवणांत तूप-साखरेस आवर घालावा, आणि आजी पाय सरळ धरून बसली असतां नातवानें शेजारीं बसून दहापर्यंत अंक मोजावे. गुडघ्याला हवी ती सेवा हीच.