कागदाच्या पाकळ्या

वाढदिवसाच्या शुभेच्छा आता मोबाईलवर येतात आणि अंगठ्याच्या एका फटक्यात दिसेनाशा होतात. हाताने केलेले भेटकार्ड मात्र टाकवत नाही. ते कपाटात, साड्यांच्या घडीखाली वर्षानुवर्षे राहते.

कृती सोपी आहे. जाड कागदाची घडी घालावी. पातळ रंगीत कागदाची पाच पाकळ्यांची तीन फुले कापावीत : मोठे, मधले, लहान. पाकळ्यांची टोके पेन्सिलीवर गुंडाळून वर वळवावीत आणि तिन्ही फुले एकावर एक चिकटवावीत. खुबी दोनच. वरची पाकळी खालच्या दोहोंच्या फटीवर यावी आणि डिंक फक्त मध्यभागी लावावा. कडा मोकळ्या राहिल्या, की फूल उमलते.

हा पोरखेळ वाटत असेल, तर इंग्लंडच्या मेरी डिलेनी आठवाव्यात. १७६८ मध्ये त्यांचे पती गेले. १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक तुकडे थरांनी चिकटवून फुले साकारायला घेतली. दहा वर्षांत साडेनऊशेहून अधिक चित्रे झाली. दृष्टी अधू झाली, तेव्हाच कात्री थांबली. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

‘आता या वयात काय शिकायचे?’ असे विचारणाऱ्या माझ्या पिढीला एवढे उत्तर पुरे. नातवंडाला शेजारी बसवावे, कात्री त्याच्या हाती द्यावी, डिंक आपण लावावा.

बँकेत सहीशिवाय कागदाला किंमत नव्हती. अशा कार्डावर सही नसली, तरी ते कोणाचे हे कळते.