माणसे मोजावी की दिवस?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२) एक मनोरम उदाहरण आहे. चार निर्झर एकच वापी निरनिराळे अनुक्रमे एका, अर्ध्या, तृतीयांश व षष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडल्यास किती वेळ लागेल? येथे वेळेची बेरीज न करता एका दिवसातील कामाची करावी: १+२+३+६=१२ वापी. म्हणून एका वापीस दिवसाचा बारावा भाग पुरे.

हे आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे शिकविले. घरी मात्र चुकलो. भंडारा जिल्ह्यातील आमच्या बांधीत धानाची रोवणी आठ बायांस ठोक मजुरीने दिली होती. काम तीन दिवसांचे, म्हणजे ८×३=२४ मनुष्यदिनांचे. पहिल्या दिवसानंतर चौघी आल्या नाहीत. राहिलेले १६ मनुष्यदिनांचे काम उरलेल्या चौघींनी आणखी चार दिवस खपून पुरे केले. आम्ही मजुरीचे आठ सारखे वाटे केले. तेव्हा त्यांतील एक वृद्धा हळूच म्हणाली, “गुरुजी, माणसं मोजली जी, दिवस नाही मोजले.”

आम्ही ओशाळलो. चोवीस वाट्यांपैकी या चौघींस प्रत्येकी पाच यावयाचे, ते तीनच मिळाले होते. उणे पडलेले आठ वाटे आम्ही पदरचे भरले. मजुरी वाटताना माणसे व दिवस यांचा गुणाकार आधी मांडावा, एवढीच वाचकांस विनंती.