सोन्याला रुप्याची संगत

लग्नसराई तोंडावर आली म्हणजे घरोघरचे जुने डबे उघडले जातात. त्यांतून पणजीच्या तोरड्या, वाळे, वाक्या, रुंद कमरपट्टा असा रुप्याचा ऐवज बाहेर पडतो, आणि नव्या सुनेच्या वा लेकीच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हा, कीं सोन्याबरोबर हें शोभणार नाहीं. मग तो ऐवज मोडीसाठीं सराफाकडे जातो. मोडींत धातूचें वजन आणि कस एवढेंच जमेस धरितात. घडणावळ बुडते, आणि एखाद्या कारागिरानें डोळे शिणवून केलेली घडण मुशींत पाहतां पाहतां वितळते. चांदीचा भाव चढता असला म्हणजे हा मोह अधिकच बळावतो. "शोभणार नाहीं" या दोन शब्दांपायीं एवढें नुकसान सोसावयाचें, तर ते शब्द कितपत खरे आहेत हें तपासून पाहिलेलें बरें.

आपल्याकडील शृंगारलेली वधू नखशिखांत पाहावी. गळ्यांत ठुशी, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ. हातांत पाटल्या आणि तोडे. हें सारें सोन्याचें. पायांत मात्र जोडवीं, मासोळ्या, पैंजण रुप्याचे. सोनें म्हणजे लक्ष्मी, तिला पायाशीं स्थान द्यावयाचें नाहीं, ही त्यामागील भावना. राजपुतान्यांतील संस्थानांत पायांत सोनें घालणें हा दरबारानें द्यावयाचा मान होता. म्हणजे मर्यादा होती ती स्थानाची व मानाची. दोन रंग एकमेकांचे वैरी आहेत म्हणून ती कोणीं घातली नव्हती. इतकेंच काय, पैठणीच्या पदराकडे पाहा. अस्सल जर म्हणजे रुप्याच्या बारीक तारेवर सोन्याचा मुलामा देऊन ती रेशमाच्या धाग्याभोंवतीं गुंडाळलेली असते. पैठणी नेसणारी गृहिणी सोनें आणि रुपें एकाच धाग्यांत अंगावर वागवीत आली, आणि तिला कोणीं विशोभित म्हटलें नाहीं.

दुसरी गोष्ट अशी, कीं सोन्याचा रंग तरी एक कोठें आहे? २२ कॅरट सोन्यांत हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनें, उरलेलें हीण. तें हीण तांब्याचें अधिक असलें तर दागिना लालसर दिसतो, रुप्याचें असलें तर फिकट पिवळा. १९६३ सालच्या सुवर्णनियंत्रणानें १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली होती. त्यांत सोनें हजारीं ५८५, तेव्हां हिणाचा रंग अधिकच डोकावणार. ज्या घरांत तेव्हांचा एखादा दागिना आणि आजीच्या पाटल्या एकाच डब्यांत आहेत, त्या घरीं दोन रंगांची मिसळ केव्हांच झालेली आहे. पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीनें १९२४ सालीं तीन रंगांचीं तीन वळीं एकमेकांत गुंतवून एक अंगठी केली. ती आजतागायत घडविली जाते. परदेशांत ज्याचें कौतुक होतें, तें आपल्या डब्यांत असतां आपण मोडींत घालावें, हा न्याय कांहीं मला उमगत नाहीं.

आतां मिसळ कशी करावी? गाण्याच्या बैठकींत गवई एक असतो, बाकीचे साथीला बसतात. तोच नियम येथेंही लावावा. गळा आणि कान सोन्याचे असले तर रुपें मनगटावर किंवा कमरेला द्यावें. दोन्ही धातू निम्मे निम्मे आले कीं डोळा गोंधळतो. पण साथीचा धातू एकाच जागीं एकाकी ठेवूं नये. सोन्यानें भरलेल्या हातांत रुप्याची एकच अंगठी दिसली, तर ती काढावयाची राहून गेली असें वाटतें. तिच्या जोडीला रुप्याची वाकी वा कमरपट्टा आला कीं तीच अंगठी योजून घातलेली दिसते.

मध्यस्थ असला तर काम आणखी सोपें. मोती हा उत्तम मध्यस्थ होय. तो रुप्यासारखा शुभ्र, आणि आपल्या नथींत, चिंचपेटींत सोन्याच्या संगतींत नांदलेला. मंगळसूत्राचे काळे मणी काळवंडलेल्या नक्षीच्या रुप्याशीं सहज जुळतात, आणि हिरवा चुडा तर दोहोंनाही आपलासा करितो. धातूपेक्षां झिलई जुळणें महत्त्वाचें, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुनें, मंद तेजाचें रुपें कालच उजळून आणलेल्या सोन्याशेजारीं मळकट दिसतें. पण तसल्याच मंद, वापरल्या सोन्याशेजारीं तें खानदानी दिसतें.

कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. प्लॅटिनम सोन्याहून कठीण आहे. दोहोंच्या अंगठ्या एकाच बोटांत रोज घांसल्या तर सोन्याची कड झिजते. पांढऱ्या सोन्याची शुभ्रता बहुधा ऱ्होडियमच्या पातळ मुलाम्याची असते, ती घर्षणानें उडून खालचा पिवळटपणा वर येतो. रुपें काळें पडतें तें हवेंतील गंधकयुक्त वायूंमुळें. रबरांतही गंधक असतें, म्हणून दागिन्यांच्या पुडीला रबरी फीत लावूं नये. प्रत्येक धातू निराळ्या, कोरड्या, मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवावा.

आणि तोरडीची कडी तुटली, कमरपट्ट्याचा फासा सैल झाला, एवढ्यानें दागिना निकामी होत नाहीं. तो डाक देऊन दुरुस्त होतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी हें गांव तर चांदीच्या कामासाठींच प्रसिद्ध आहे. सराफानें तराजू पुढें ओढण्यापूर्वीं दुरुस्तीला काय पडेल एवढें त्याला विचारावें, आणि तो आंकडा नव्या दागिन्याच्या घडणावळीशेजारीं मांडून पाहावा.