‘टेन्शनमुळे पितो’ हे अर्धंच खरं

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आमच्या सिल्वासात नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी वापीकडून येणाऱ्या गाड्या आणि रस्त्यालगतचे बार इथे वाढलेल्या मुलांच्या रोजच्या बघण्यातले. कुणी जास्त प्यायला लागलं की घराघरांत कारण ठरलेलं: वाईट संगत, नाहीतर टेन्शन.

माझ्या मावसभावाला यातलं काही लागू पडेना (त्याला विचारूनच लिहितोय). तो सगळ्यात खुशीत असायचा, तेव्हाच त्याचं पिणं वाढायचं. रात्री जेमतेम तीन तास झोप, तरी सकाळी ताजातवाना. दर आठवड्याला नवा धंदा, उधारीवर खरेदी, मित्रांना पार्ट्या. मग काही आठवडे अंथरुणातून उठवत नसे. तेव्हाही बाटली असायचीच, पण एकट्याने. घरचे दोन वर्षं दारूशीच भांडत राहिले. शेवटी निदान झालं, बायपोलर डिसऑर्डर. म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य.

असं फक्त त्याचंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बायपोलर असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूची किंवा इतर नशेची समस्या झालेली आढळली. उन्मादात धोका दिसतच नाही, मनाचा ब्रेक ढिला होतो. नैराश्यात झोप यावी म्हणून घोट घेतला जातो. दारूने झोप मोडते आणि मोडलेली झोप पुढच्या उन्मादाला बोलावते. आम्ही कोडिंगवाले याला इन्फिनिट लूप म्हणतो!

म्हणून ‘आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू’ हे मला पटत नाही. दोन्हींवर उपचार एकत्रच हवेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. सुनंदा (अनिता) अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या.

डॉक्टरांपासून पिणं लपवू नये, याला साधं कारण आहे. लिथियम चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं. दारूमुळे शरीरातलं पाणी कमी झालं तर ते प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. पण ‘आज प्यायलोय, गोळी नको’ असं परस्पर ठरवणंही घातक. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या शपथेवर एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

मावशीच्या फ्रिजवर आता कॅलेंडर लटकतंय. त्यात रोज रात्री तो किती तास झोपला एवढंच लिहायचं. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली की मावशी डॉक्टरांना फोन लावते, तोंडाला वास येण्याची वाट बघत नाही. ज्यांना कुठे विचारावं तेच कळत नाही, त्यांनी सरकारच्या ‘टेली मानस’ला 14416 वर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.